रक्तात एमआरएसए सापडला, आता हृदयापर्यंत गेलाय का हे कसं शोधायचं? पेशंटच्या घरच्यांसाठी पायरी-पायरीने

मी गेली चौदा वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली बरीचशी आयसीयू आणि डायलिसिसमध्ये गेली. रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तात जंतू वाढतायत का बघायची तपासणी) एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ जंतू, आला की घरचे विचारतात, सिस्टर ताप कधी उतरेल. मला त्यांना दरवेळी एकच सांगावंसं वाटतं की ताप उतरेल हो, दोन-तीन दिवसांत बऱ्याचदा उतरतोच, पण तुम्ही डॉक्टरांना हे विचारा की जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला नाहीये ना. कारण औषध दोन आठवडे द्यायचं की सहा आठवडे, पेसमेकर काढायचा की ठेवायचा, पेशंट घरी कधी जाणार, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

हे लिहायचं कारण घरातलंच आहे. माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, चार वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला. न्यूमोनियासाठी सहा दिवस ॲडमिट होते, बरे होऊन घरी आले. घरी आल्यावर मी बघितलं तर डाव्या हाताला जिथे सलाईनची सुई होती तिथली शीर दोरीसारखी कडक झालेली, बोट फिरवलं की लागायची, वरची कातडी लालसर. मला वाटलं शीर सुजलीये, शेकून मलम लावू. नवव्या दिवशी रात्री हुडहुडी भरून ताप. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, ताप गेला, गोळ्या संपल्या आणि चार दिवसांनी परत आला. तेव्हा कल्चर काढलं, दोन्ही सेटमध्ये (वेगवेगळ्या जागी सुई घालून भरलेल्या बाटल्यांच्या जोड्या) एमआरएसए. पेसमेकरच्या वायरवर जंतूंचा थर सापडला. दादा आज बरे आहेत, पण ते मधले दिवस वाया गेले ते मला अजून लागतं, कारण ती कडक शीर मी स्वतः बोटाने चाचपली होती.

आता मुद्द्यावर. आधी दोन गोष्टी समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा तसा आपल्या ओळखीचाच जंतू, दर शंभरातल्या वीस-तीस धडधाकट माणसांच्या नाकात तो कायम असतो आणि काही करत नाही. त्यातल्या ज्या जाती पेनिसिलिनच्या कुटुंबातल्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत त्यांना एमआरएसए म्हणतात. मेथिसिलिन हे औषध १९५९ च्या सुमारास वापरात आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा जंतू सापडलासुद्धा. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अलीकडच्या अहवालांत मोठ्या हॉस्पिटलांतून आलेल्या या जंतूच्या नमुन्यांत शंभरात चाळीसच्या वर एमआरएसए निघतात. म्हणजे हा काही क्वचित दिसणारा प्रकार नाही. ॲडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर इन्फेक्शन सुरू झालं तर ते साधारणपणे हॉस्पिटलमध्ये लागलेलं धरतात.

आणि हृदयच का, तर झडपा म्हणजे सतत रक्ताच्या धारेत उघडझाप करणारे पडदे. कुठे खरचटलेलं असेल, जुना व्रण असेल, कृत्रिम झडप किंवा वायर असेल तिथे रक्तातल्या चिकट गोष्टींचा पातळ थर बसतो आणि हा जंतू त्याला जाऊन चिकटतो. इतर बरेच जंतू आधीच बिघडलेली झडप शोधतात, हा मात्र चांगल्या झडपेलाही सोडत नाही, म्हणून त्याची एवढी भीती. एकदा थर जाड झाला, त्याला व्हेजिटेशन म्हणतात, की आतपर्यंत औषध पोचायला वेळ लागतो. तुकडा सुटला तर डाव्या बाजूचा मेंदूत, किडनीत, प्लीहेत, पायात जातो आणि उजव्या बाजूचा फुप्फुसात.

पायरी १ : तुमचा पेशंट कुठल्या गटात बसतो ते आधी ठरवा

सगळ्या जोखमी सारख्या नसतात. आठ-दहा गोष्टींची यादी वाचून घाबरण्यापेक्षा वरच्या दोन-तीन नीट बघा.

सगळ्यात वर कृत्रिम झडप. धातूची असो की टिश्यूची, अशा माणसाच्या रक्तात हा जंतू आला तर जवळपास निम्म्या जणांत झडपेला लागण निघालेली आहे. त्याच्या खालोखाल पेसमेकर, आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले की झटका देणारं यंत्र) यांची वायर, तिथलाही आकडा याच्या जवळपासच जातो. आधी कधी हृदयाचं इन्फेक्शन झालेलं असेल तर तोही याच गटात. या तिघांपैकी काहीही असेल तर उरलेला लेख वाचायच्या आधी वॉर्डमधल्या डॉक्टरांना जाऊन सांगा, केस पेपरवर लिहिलंय का ते विचारा. हे विसरलं जातं का, तर हो जातं. हाडाच्या ऑपरेशनला आलेल्या आजींची दहा वर्षांपूर्वीची झडप केस पेपरवर चौथ्या पानावर कुठेतरी असते.

मग येते जुनी खराब झडप, आणि आपल्याकडे हे कळायला एक साधा प्रश्न पुरतो. लहानपणी सांधे सुजायचे का, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला जायचात का? हो म्हटलं तर वातज्वराने झडपेवर परिणाम झालेला असू शकतो. पेशंटला स्वतःला ते 'आजाराचं' वाटत नाही म्हणून ती सांगत नाही. मी एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या अगं ते होय, ते लग्नानंतर बंदच केलं. जन्मजात दोष, म्हातारपणी कॅल्शियम साचून जाड झालेली झडप हेही यातच धरा.

डायलिसिसचे पेशंट वेगळेच सांगायला हवेत कारण तिथे जोखीम आठवड्यातून दोन-तीनदा उघडते. मानेतल्या तात्पुरत्या लाईनवर धोका सगळ्यात जास्त, पर्मकॅथवर (कातडीखालून नेलेली जास्त दिवसांची नळी) त्याहून कमी, हातातल्या फिस्टुलावर (ऑपरेशनने जोडलेली शीर) सगळ्यात कमी. आणि एक खूण लक्षात ठेवा, मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरते आणि एरवी घरी माणूस ठीक असतो, असं एकदा जरी झालं तरी लाईनवर संशय घ्यायचा, त्याच दिवशी कल्चर मागायचं. 'मशीनची थंडी' म्हणून पांघरूण घालून गप्प बसायचं नाही.

डायबेटीस, स्टिरॉइड, केमो आणि त्याचा छातीतला पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली बसवलेली डबी), शिरेतून नशा करणं, ही सगळी जोखीमच, यात नशेची गोष्ट घरचे लाजून लपवतात पण डॉक्टरांना एकटं गाठून सांगा, कारण तिथे उजव्या बाजूची झडप मुद्दाम बघायची असते.

पायरी २ : जंतू शिरला कुठून ते शोधा, आणि तारखा लिहा

एक छोटी वही घ्या. त्यात कुठली सुई, कुठली नळी, कोणत्या तारखेला घातली, कधी काढली हे लिहा. हाताच्या इंट्राकॅथवर (सलाईनची सुई) पारदर्शक चिकटपट्टी असते, तिच्यावर पेनाने तारीख टाकलेली असायला हवी, नसेल तर सिस्टरला विचारा, रागावणार नाही. पट्टीखाली लाली, सूज, पू, दाबल्यावर दुखणं, शीर दोरीसारखी लागणं यातलं काहीही दिसलं तर ती सुई आज निघायला हवी, 'उद्या बदलू' नको. तशीच मानेतली सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, ऑपरेशनची जखम, पाठीवरचा बेडसोर.

याला एवढं महत्त्व का देतेय, तर जंतू लाईनमधून आला हे लगेच कळलं आणि लाईन लगेच काढली तर रक्त बऱ्याचदा लवकर साफ होतं. उगम सापडतच नसेल तर हृदयाचा संशय वाढतो. ऐकायला उलटं वाटेल पण हॉस्पिटलमध्ये असतानाच पकडलेल्या इन्फेक्शनमध्ये हृदयाचा धोका घरून ताप घेऊन आलेल्यापेक्षा कमी असतो, कारण थंडी वाजली त्याच तासाला कल्चर निघतं, जंतूला रक्तात फिरायला कमी दिवस मिळतात. डिस्चार्जनंतर घरी ताप आला की हा फायदा हातचा जातो, दादांचं नेमकं तेच झालं. म्हणून डिस्चार्ज मिळाल्यानंतरच्या तीन महिन्यांत थंडी वाजून ताप आला तर 'महिन्यापूर्वी ॲडमिट होते, हाताला सुई होती' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

पायरी ३ : कल्चर नीट निघतंय ना बघा

अँटिबायोटिकच्या आधी कल्चर, हा नियम. पेशंट फारच गंभीर असेल तर औषध थांबवत नाहीत, पण दोन जागी सुई घालून रक्त काढायला पाच-दहा मिनिटंच लागतात. मोठ्या माणसात निदान दोन सेट, वेगवेगळ्या हातातून, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली रक्त. हो, एवढं लागतं. 'किती रक्त काढताय' म्हणून सिस्टरशी भांडू नका, दोन-तीन मिली घातलं तर जंतू असूनही बाटली कोरी निघू शकते. कातडी क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने पुसून वाळू द्यायची, वाळायच्या आधी टोचलं तर कातडीवरचेच जंतू बाटलीत जातात आणि मग रिपोर्टवरून सगळ्यांचा गोंधळ.

पायरी ४ : रिपोर्ट वाचायचा कसा

बाटली मशीनमध्ये पॉझिटिव्ह झाली की लॅब आधी फोन करते, त्यात एवढंच असतं, ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय इन क्लस्टर्स, म्हणजे द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू. पूर्ण रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांनी. त्यात नावापुढे 'ऑरियस' आहे का ते बघा, आणि खाली 'सेफॉक्सिटिन स्क्रीन पॉझिटिव्ह' किंवा ऑक्सासिलिनपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) असेल तर तो एमआरएसए.

ऑरियस नसून 'कोॲग्युलेज निगेटिव्ह' असेल आणि एकाच बाटलीत आला असेल तर बऱ्याचदा तो कातडीवरचा भटका असतो, पण कृत्रिम झडप किंवा पेसमेकरवाल्यांनी तोही हलक्यात घेऊ नये. ऑरियस मात्र एका बाटलीत आला तरी खरा धरायचा. 'कंटॅमिनेशन असेल, सोडून द्या' असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्या, हे मी अगदी ठामपणे सांगते. आणि स्क्रीन निगेटिव्ह आली, म्हणजे साधा स्टॅफ निघाला, तर व्हँकोमायसिन (एमआरएसएवर शिरेतून देतात ते औषध) बदलून सेफाझोलिनसारखं औषध द्यायचं असतं कारण त्या जंतूवर ते जास्त चांगलं चालतं, 'भारी' औषध म्हणजे चांगलं औषध असं नसतं.

पायरी ५ : दुसरं कल्चर, तिसरं कल्चर

माझ्या मते या सगळ्यात हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. पहिलं पॉझिटिव्ह आलं, औषध सुरू झालं, ताप उतरला की पुन्हा कल्चर काढायचं राहून जातं, शिवाय प्रत्येक कल्चरचे पैसे लागतात म्हणून घरचेही नको म्हणतात. पण ताप आणि रक्त वेगळ्या गोष्टी आहेत, पॅरासिटामॉलने ताप दबतो, जंतू नाही. औषध सुरू झाल्यावर दर २४ ते ४८ तासांनी कल्चर काढायचं, ते कोरं येईपर्यंत. योग्य औषध चालू असून दोन-तीन दिवसांनंतरही जंतू येतच असेल तर समजायचं की आत कुठेतरी तळ ठोकलाय, झडपेवर, मणक्यात, गळवात किंवा शिरेतल्या गुठळीत. हृदयाच्या इन्फेक्शनचा अंदाज बांधताना डॉक्टर ज्या गोष्टींना वजन देतात त्यात ही फार वरची.

आणि वहीत पहिलं कोरं कल्चर कुठल्या तारखेला काढलं ती तारीख लाल पेनाने लिहा. औषधाचे दिवस तिथून मोजतात, पहिल्या इंजेक्शनपासून नाही. दादांच्या वेळी डिस्चार्ज कार्डवर औषधाची अखेरची तारीख आठ दिवस आधीची पडली होती, वहीमुळे ती पकडली गेली.

पायरी ६ : पेशंटकडे डोळे उघडे ठेवून बघा

डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, तुम्ही दिवसभर शेजारी असता. अंघोळ घालताना, स्पंज करताना तळहात-तळपाय बघा, न दुखणारे लाल ठिपके आहेत का. बोटांच्या टोकांना दुखरी गाठ, नखाखाली कुसळ घुसल्यासारखी उभी काळपट रेघ, पापणी खाली ओढली की आत लाल टिपके. यातलं काही सगळ्यांत दिसत नाही, नाही दिसलं म्हणून सुटलो असंही नाही, पण दिसलं तर मोबाईलवर फोटो काढून राउंडला दाखवा.

पाठ खूप दुखतेय, कुशीवर वळताना ओरडतो, हे 'पडून पडून दुखतंय' म्हणून सोडू नका, मणक्यात इन्फेक्शन गेलेलं असू शकतं. अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात ढिला पडला, पाय थंडगार पडला, दम वाढला, आडवं झोपता येईना, ही सगळी त्याच मिनिटाला सांगायची कारणं. अजून एक, ईसीजी. महाधमनीच्या झडपेच्या मुळाशी पू झाला तर हृदयाच्या विजेच्या वाटेवर दाब येतो आणि ईसीजीत पीआर नावाचं अंतर वाढायला लागतं. म्हणून रोजचा ईसीजी का काढताय असं विचारू नका, काढत नसतील तर विचारा.

पायरी ७ : इको, आणि 'नॉर्मल' इकोचा खरा अर्थ

रक्तात ऑरियस आला की मोठ्या माणसात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच, तो छातीवरून होतो, दुखत नाही. पण छातीवरून छोटे थर बरेचदा दिसत नाहीत, कृत्रिम झडप असेल तर तिच्या सावलीमुळे अजूनच कमी दिसतं. घशातून नळी घालून केलेल्या इकोत, टीईई म्हणतात त्याला, दहातल्या नवांहून जास्त जणांत सापडतं. दादांचा टू-डी इको साफ होता. तिसऱ्या दिवशी टीईई केला, स्क्रीनवर उजव्या बाजूच्या वायरवर शेवाळ लोंबावं तसं काहीतरी प्रत्येक ठोक्याला हलत होतं, मी शेजारीच उभी होते.

टीईई कोणाला हवाच, तर कृत्रिम झडप, पेसमेकर, आधीचं हृदयाचं इन्फेक्शन, पॉझिटिव्ह येत राहिलेलं कल्चर, कुठे तुकडा जाऊन बसल्याची खूण, किंवा टू-डी इको नीट न दिसणं. बाकीच्यांसाठी २०१६ पासून विर्स्टा नावाचा एक स्कोअर वापरतात, त्यात या गोष्टींना गुण देऊन बेरीज तीनच्या खाली असेल तर हृदयात इन्फेक्शन असायची शक्यता फार कमी धरतात. ज्याला यातलं काहीच नाही, लाईन निघाली, दुसरं कल्चर कोरं, ताप तीन दिवसांत गेला, अशा माणसात डॉक्टर टीईई नको म्हणाले तर हट्ट धरू नका.

तयारी म्हणाल तर चार ते सहा तास उपाशी, कवळी काढून ठेवायची, गिळायला त्रास असेल किंवा अन्ननलिकेचा जुना आजार असेल तर आधी सांगायचं. आणि पहिला टीईई साफ आला पण संशय दाटच असेल तर पाच-सात दिवसांनी परत करतात, थर दिसण्याएवढा व्हायला वेळ लागतो. यात कोणी पैसे काढतंय असं समजू नका.

पायरी ८ : औषधाचे दिवस

व्हँकोमायसिन वजनावर ठरतं, म्हणून पेशंटचं वजन खरंच केलंय की अंदाजाने लिहिलंय ते बघा. ते निदान तासभर सावकाश जायला हवं, भरभर सोडलं तर मान-चेहरा लाल होऊन खाज सुटते, तसं झालं तर लगेच सांगा, बहुतेक वेळा वेग कमी केला की थांबतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि औषधाची रक्तातली पातळी तपासत राहावी लागते. त्याऐवजी डॅप्टोमायसिन असेल तर आठवड्याला सीपीके (स्नायूंवर परिणाम होतोय का बघायची रक्ततपासणी), आणि ते न्यूमोनियावर चालत नाही कारण फुप्फुसातल्या स्रावात त्याचा जोर जातो. टायकोप्लॅनिन हे याच कामाचं औषधही आपल्याकडे बरंच वापरतात.

हृदय साफ, शरीरात कुठे कृत्रिम वस्तू नाही, दोन-चार दिवसांत कल्चर कोरं, ७२ तासांत ताप गेला, दुसरीकडे कुठे पसरलं नाही, हे सगळं जमलं तर निदान १४ दिवस. यातलं एक जरी चुकलं तर चार ते सहा आठवडे, झडपेवर असेल तर सहा, कृत्रिम झडपेवर असेल तर सहा किंवा जास्त आणि सोबत इतर औषधं. पेसमेकरच्या वायरवर असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही, डबी आणि वायर सगळं काढावं लागतं आणि रक्त साफ झाल्यावर बहुतेकदा दुसऱ्या बाजूला नवीन बसवतात. दादांना हे पटवायला आम्हाला दोन दिवस लागले.

संसर्गरोगतज्ज्ञ हॉस्पिटलमध्ये असतील तर त्यांचं मत मागा, नसतील तर बाहेरून बोलवता येतात का विचारा, या इन्फेक्शनमध्ये त्यांनी लक्ष घातलं की मृत्यू कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. खर्चासाठी ॲडमिट असतानाच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

पायरी ९ : घरी गेल्यावर

बहुतेकदा पिकलाईन (दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) लावून रोजचं इंजेक्शन घरी किंवा जवळच्या दवाखान्यात घेता येतं. लाईन प्लास्टिकने गुंडाळूनच अंघोळ, आणि हात लावायच्या आधी साबणाने हात धुणं, घरातल्या डॉक्टर-नर्सनीसुद्धा. औषध संपलं की लाईन त्याच आठवड्यात काढून घ्या, 'असू दे लागली तर' म्हणून ठेवू नका.

औषध संपल्यावर पुढचे तीन महिने थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप आला तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकची एकही गोळी द्यायची नाही, आधी कल्चर. झडपेचं इन्फेक्शन एकदा झालं की दाताच्या डॉक्टरांना कायम सांगायचं, दात काढायच्या किंवा हिरडीच्या कामाच्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. आमच्याकडे दादांच्या पाकिटात पेसमेकरच्या कार्डामागे एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवलीये, त्यावर जंतूचं नाव, कुठलं औषध किती दिवस दिलं, पहिल्या कोऱ्या कल्चरची तारीख आणि माझा नंबर आहे.